गोळ्यांची उडालेली टोपणं

अमेरिकेतल्या पार्सिपनीजवळच्या आमच्या औषध कंपनीत त्या वर्षी मी एकाच गोळीच्या मागे होते, आणि ती मला छळत होती. मशीनमधून पडताना ठणठणीत. पण तपासणीच्या ड्रममध्ये फिरवली की वरचा थर टोपणासारखा सुटून वेगळा! व्हीपींनी बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत गोळी धड झाली नाही तर प्रोजेक्ट बंद. माझं दीड वर्ष त्यात गेलं होतं.

आमच्या ग्रुपचे प्रमुख मूळचे नागपूरचे. ऑफिसातही मी त्यांना काकाच म्हणायचे. मी इथे नवीन आले तेव्हा पंधरा दिवस त्यांच्याच घरी राहिले होते, काकूंच्या हातचं जेवले होते. काकांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं.

"प्रेशर वाढव."

"काका, प्रेशरचा प्रॉब्लेम नाहीये. स्पीड जास्त आहे. पावडरमधली हवा बाहेर पडायच्या आत आपण ती दाबतोय."

"अगं, तीस वर्षं गोळ्याच करतोय ना मी? वाढव तू."

वाढवलं. आणखी टोपणं उडाली. पुन्हा वाढवलं. संतापाने माझं डोकं भणभणत होतं. लॅबमधल्या हातप्रेसवर हीच पावडर मी सावकाश दाबायचे, तेव्हा एकही गोळी फुटत नव्हती. आधी हलकेच दाबून हवा काढायची, मग जोर द्यायचा आणि मशीन हळू चालवायचं, एवढंच तर करायचं होतं. पण हळू म्हणजे तासाला गोळ्या कमी, आणि काका वरच्यांना वेगाचा शब्द देऊन बसले होते.

गुरुवारी ते बाहेर गेले तेव्हा मी ऑपरेटरला सांगून मशीन निम्म्या वेगावर चालवलं. त्या गोळ्या ड्रममध्ये फिरवल्या. एकही फुटली नाही. शुक्रवारी त्यातल्या थोड्या बाटलीत घालून मीटिंगला गेले.

व्हीपींनी सरळच विचारलं, दोष दाबाचा की वेगाचा? काका म्हणाले, दाबाचा, थोडा वेळ द्या. व्हीपी माझ्याकडे वळले. टेबलाखाली बाटली माझ्या मुठीत होती. पण ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

"अजून बघतोय आम्ही," मी म्हणाले.

दहा मिनिटांत प्रोजेक्ट बंद झाला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

पार्किंग लॉटमध्ये मी काकांच्या हातात ती बाटली दिली आणि गुरुवारी काय केलं ते सांगितलं. त्यांनी एक गोळी काढून अंगठ्यांनी मोडून पाहिली. मोडेना.

"हे आत तुझ्याजवळ होतं?"

"हो."

"मग काहून नाही बोललीस?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी नागपुरी कधी ऐकली नव्हती.

"तुमच्यासमोर कशी बोलणार, काका?"

त्यांनी गोळी परत बाटलीत टाकली, झाकण लावलं.

"मी चुकत होतो," ते म्हणाले, "आणि तू मला चुकू दिलंस."