कॅरल आजींच्या पाकिटावर माझी सही

मंडळी, आज सकाळी मी चक्क अमेरिकेतल्या निवडणुकीची साक्षीदार झाले!

इथे परदेशात, मरीन परेड भागात, आमच्या शेजारी कॅरल नावाच्या अमेरिकन आजी राहतात. त्यांच्या राज्याच्या एका सिनेटरने मध्येच राजीनामा दिला, म्हणून तिथे पोटनिवडणूक आहे. आजींचं मत टपालाने जातं आणि पाकिटावर साक्षीदाराची सही लागते.

सवयीप्रमाणे मी पासपोर्टच्या दोन झेरॉक्स सही करून घेऊन गेले. आजी हसल्या. "अगं, झेरॉक्स कशाला? तुझा शब्द पुरे."

किती बरं वाटलं! आजी, मनापासून थँक यू.

इथे आल्यापासून बारा वर्षांत मी स्वतः मत दिलेलं नाही. त्यासाठी पुण्याला जावं लागतं, म्हणून टाळत आले.

घरी येताच बाबांना फोन लावला. "मतदार यादीत माझं नाव अजून आहे का, बघा ना."

तुमचं आहे?