निवडून वाचणारी हिरा

मळवलीहून भाजे गावाकडे जाताना एक पांढरा बंगला लागतो. चौदा वर्षं त्याच्या चाव्या हिराच्या कमरेला होत्या. त्या दिवशी मालकीणबाई अनिता मॅडम यांनी त्या परत मागितल्या आणि हिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण होतं इंग्रजी. हल्ली पाहुण्यांचे निरोप इंग्रजीत, औषधांचे डबे इंग्रजीत. म्हणून मॅडमनी पुण्याहून येऊन हिराची आणि माधवीची परीक्षा घेतली. माधवी लोणावळ्यात हॉटेलचा कोर्स करून नुकतीच बंगल्यावर लागली होती. पोहण्याच्या तलावात टाकायच्या औषधांचा छापील कागद मॅडमनी दोघींपुढे धरला. जी मोठ्यानं नीट वाचेल, तिच्याकडे चाव्या.

माधवीनं कागद घडाघडा वाचला. हिराची जीभ पहिल्याच ओळीत अडखळली.

"हिरा, चौदा वर्षांत एवढंही नाही आलं?" मॅडम म्हणाल्या.

हिराला वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. सहावीत शाळा सुटलेली. शब्द पाठ करून तिच्या ध्यानात कधी राहिले नाहीत, आणि मोठ्यानं वाचायला लागली की सगळा जीव जिभेवर जायचा, अर्थ निसटायचा. म्हणून ती गप्प राहून वाचायची, सुपात तांदूळ निवडावेत तशी. ओळखीचे शब्द एका बाजूला सारायचे, आकडे आणि चित्रं बघायची, मग उरलेल्या खड्यांवरून पुन्हा नजर फिरवायची. एखादा अडलाच तर वहीत चित्र काढून, त्या वस्तूशेजारी उभं राहून ताडायचं. कपडे धुण्याच्या मशीनची पुस्तिका तिनं मशीनपुढं बसून तीन दिवसांत वाचली होती. ते मॅडमनी कधी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी माधवीला तलावात औषध टाकायला पाठवलं आणि हिरापुढं हात केला. "चाव्या दे."

"ते काम माजं हाय," हिरा म्हणाली. "आजचं करते, मग घ्या." रागानं तिचे कान तापले होते. तरातरा चालत ती तलावाशी गेली.

माधवीनं क्लोरीनची पूड बादलीत ओतली होती आणि त्याच बादलीवर ॲसिडचा कॅन कलता धरला होता. हिरानं धावत जाऊन तिचं मनगट आवळलं.

"काय करतीस गं बये?"

"दोन्ही टाकायचं लिहिलंय ना, मावशी."

"कुटं लिवलंय? आत्ता तूच म्हनून दाखवलंस की. तिसऱ्या ओळीत हाय, ही दोन एकत्र करू नका. इखारी वाफ निगती. छातीत गेली तर उठायची न्हाईस."

माधवीनं कॅन खाली ठेवला. "वाचलं मी. पण मॅडम ऐकत होत्या, माझं सगळं लक्ष उच्चारांकडे होतं."

मॅडम मागोमाग आल्याच होत्या. "मग हिरा, मघाशी का नाही सांगितलंस हे?"

"तुमी इचारलंत कुटं? तुमाला पोपट पायजे व्हता. पोपट बोलला, तुमी खूश झाला." मग माधवीकडे वळून ती म्हणाली, "तुला न्हाई म्हनत पोरी. तू सांगितलं तसं केलंस."

मॅडम म्हणाल्या, "बरं, राहू देत चाव्या तुझ्याकडे."

"अशा नगं. हिचा हात धरला म्हनून बक्षीस नगं मला. कागद आना. परत परीक्षा घ्या, पर माज्या रीतीनं."

ती व्हरांड्यात मांडी घालून बसली. कागद मांडीवर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तोंड उघडेना. मॅडमनी मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळात बघू नगा," हिरा मान वर न करता म्हणाली.

मग तिनं एकेक ओळ मराठीत सांगितली. कुठली पूड किती, कधी टाकायची, त्यानंतर किती वेळ कुणी पाण्यात उतरायचं नाही. सातव्या ओळीत एका शब्दावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो मला येत न्हाई. पर वरचं-खालचं बघता, डबा सावलीत ठेवा म्हनत असंल."

मॅडमनी कागद घेतला, ती ओळ वाचली. "बरोबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

हिरानं वही काढून तो शब्द उतरवला आणि पुढं एक डबा, एक झाड काढलं. चाव्या कमरेलाच होत्या. राग काही उतरला नव्हता.

"आता माधवीला बसवा," ती म्हणाली. "तोंड मिटून."