म्हाताऱ्या बबूनच्या फेऱ्या

ऑफिसात त्याला माकडमास्तर म्हणायचे. नाव कुणी पाडलं कुणास ठाऊक, पण पडलं ते कायमचं. कंपनी कॉम्प्युटरवरचे गेम बनवायची आणि सध्याचा गेम होता प्राणिसंग्रहालय चालवायचा. खेळणाऱ्याने पिंजरे बांधायचे, प्राणी आणायचे, लोकांना फिरवायचं. त्या प्राण्यांनी कसं वागायचं, हे हा गृहस्थ लिहायचा. जिराफ आणि कासवं त्याने बिनबोभाट उरकली. बबून नावाच्या दांडग्या माकडांनी मात्र त्याच्या नाकी नऊ आणले.

बबूनांच्या कळपात वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरलेलं असतं. मास्तरने सरळसोट विचार केला: ज्याची ताकद जास्त तो दादा, आणि दादाने समोर येईल त्याला हाणायचं. झालं! गेम तपासणारी टेस्टर मुलगी खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाली, "मास्तर, ही माकडं आहेत का भाडोत्री गुंड? माझा अर्धा कळप दवाखान्यात पडलाय."

हे त्याच्या हातून व्हावं याचीच गंमत. हात उगारणं सोडा, या माणसाने जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. लिफ्टसमोर तो मागून येणाऱ्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचा आणि शेवटी जागा नाही म्हणून जिना चढायचा.

मग तो खऱ्या बबूनांचे व्हिडिओ बघायला बसला. बघून बघून डोळे चुरचुरायला लागले, पण मारामारी काही फारशी दिसेना. उन्हातल्या दगडावर एखादा बबून निवांत बसलेला असायचा. थोरला लांबून येताना दिसला की हा आपणहून उठायचा आणि आपल्याला तिकडेच जायचं होतं अशा थाटात दुसरीकडे निघून जायचा. थोरला त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. मास्तरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने दादाच्या सगळ्या आज्ञा काढून टाकल्या आणि बाकीच्यांच्या डोक्यात एवढंच घातलं, की आपण आजवर कुणासाठी उठलो ते लक्षात ठेवायचं आणि त्याच्यासाठी परत उठायचं. कळप बघता बघता जिवंत झाला. टीमची प्रमुख बाई कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, पण तीही "जमलंय बरं का" म्हणून गेली.

पण गेममध्ये वर्षं भराभर सरतात. थोडे दिवस गेले आणि टेस्टरने पुन्हा हाक मारली. "मास्तर, हा तुमचा म्हातारा बघा. दात झिजलेत, पाय ओढतोय, ताकद पिल्लाएवढी उरलीय. तरी सगळे उठतात त्याच्यासाठी! याला कुणी हलवणार आहे की नाही?"

चूक उघड होती. सगळे आधीच उठत होते, त्यामुळे म्हाताऱ्यात दम उरलाय का हे कुणी तपासतच नव्हतं. प्रमुख बाईने स्वच्छ सांगितलं, सोमवारपर्यंत हे सुधारा, नाहीतर जुनी मारामारी परत घालू. मास्तर "हो, बघतो" म्हणाला. हे त्याचं ठरलेलं उत्तर.

घरीही तेच उत्तर चालायचं. घरात बायको, शाळकरी मुलगी आणि त्याचे वडील, अण्णा. अण्णा दर शनिवारी नातीला पोहायला न्यायचे, स्वतः गाडी चालवत. गाडीची किल्ली कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बाजूचं दिसणं कमी झालंय, आता गाडी बंद. अण्णा म्हणाले, "कालचं पोर ते, त्याला काय कळतंय?" आणि विषय संपला. गाडीला दोन्ही बाजूंनी ओरखडे आले. गेल्या शनिवारी तर मुलगी जेवताना खिदळत म्हणाली, "आज आजोबांनी गाडी फुटपाथवर चढवली! एक काका पटकन उडी मारून बाजूला झाले म्हणून बरं."

अण्णा म्हणाले, "तो माणूसच मध्ये आला." सगळ्यांनी ताटात बघितलं.

बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तू बोलणार आहेस का नाही?"

"बोलतो."

"वर्षभर बोलतोयस. पोर आहे आपली त्या गाडीत. आणि उद्या तिसऱ्याच कुणाचं पोर चाकाखाली आलं म्हणजे?"

तरी आठवडाभर तो बोलला नाही. अण्णा काही तापट नव्हते, त्यांनी त्याला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. एकदा संध्याकाळी तो खिडकीजवळच्या खुर्चीत चहा पीत बसला होता. पॅसेजमध्ये अण्णांच्या चपला वाजल्या आणि कप हातात धरून तो उभा राहिला.

"अरे, उठतोस कशाला? बस की," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तो कप घेऊन खोलीच्या मधोमध तसाच उभा होता. चहा निवला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याने कळपात छोटासा बदल केला. बरेचदा उठलेला एखादा बबून एखाद्या दिवशी उठणार नाही. धावून जाणार नाही, दात दाखवणार नाही, नुसता बसून राहील. त्याने गेम लावून बघितला. एक तरणा बबून दगडावर बसला होता. म्हातारा आला. तरणा उठला नाही. आता अशा वेळी म्हाताऱ्याने काय करायचं, हे मास्तर लिहायलाच विसरला होता. म्हातारा दगडाभोवती फिरायला लागला. एक फेरी, दुसरी, तिसरी. जागेवर परत यायचा, बघायचा आणि पुन्हा निघायचा. टेस्टर खो खो हसली. मास्तरला हसू आलं नाही. पुढे काय लिहावं हेही सुचलं नाही, तेव्हा तो तसाच घरी गेला.

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी खाली उतरला. कपाटातली जास्तीची किल्ली घेतली आणि गाडीत स्टिअरिंगसमोर जाऊन बसला. मुलगी पिशवी घेऊन पळत आली आणि मागे बसली. पाठोपाठ अण्णा आले, दार उघडून उभे राहिले.

"ऊठ."

"नाही अण्णा. मी चालवतो."

"आज तुला कुठे जायचंय?"

"कुठे नाही. आता दर वेळी मीच चालवणार. तुम्हाला बाजूचं दिसत नाही, अण्णा. माझी पोर आहे गाडीत."

अण्णा काही बोलतील, ओरडतील, निदान डॉक्टरला तरी शिव्या घालतील म्हणून तो अंग चोरून बसला. अण्णांनी दार हळूच लावलं. गाडीच्या पुढून गेले, पलीकडच्या दारापाशी क्षणभर थांबले, डिकीमागून वळून परत त्याच्या खिडकीशी आले. त्याच्याकडे बघितलं. तो हलला नाही. अण्णा पुन्हा निघाले आणि सगळ्या गाडीला आणखी एक फेरी घातली. त्याला वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं वाईट वाटलं. तरी तो उठला नाही.

मुलीने आतून मागचं दार उघडलं. "आजोबा, इथे या ना. आपण दोघं मागे." पिशवी मांडीवर घेऊन ती पलीकडे सरकली.

अण्णा बसले. मागच्या सीटचा पट्टा त्यांना सापडेना, तो तिने लावून दिला. वाटेत आरशात त्याला दिसत होतं, प्रत्येक सिग्नलला अण्णांचा गुडघा ब्रेक दाबल्यासारखा खाली जायचा. एकदा म्हणाले, "ब्रेक उशिरा दाबतोस."

"हो, अण्णा."

घरी आल्यावर अण्णांनी खिशातली किल्ली काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

सोमवारी मास्तरने राहिलेलं लिहून टाकलं. म्हातारा दगडाभोवती फिरेल, मग एखादं पिल्लू सरकून त्याला शेजारी जागा देईल आणि तो तिथे बसेल. टेस्टरने शांतपणे सगळं बघितलं.

"छान आहे. पण मास्तर, आधीच्या या फेऱ्या चुकून राहिल्यात ना? काढू?"

"राहू देत," तो म्हणाला.

"खरे बबून करतात असं?"

"ते माहीत नाही," तो म्हणाला आणि पाणी प्यायला उठून गेला.