आबांना काय समजतं

कोर्टाची माणसं येणार म्हणून मायनं आबांची दाढी करवून घेतली, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी नंदुरबारहून पहिल्या एसटीनं सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावी पोचले, तर वडील ओट्यावर नवरदेवासारखे बसलेले. परीटघडीचं धोतर, पांढरीशुभ्र टोपी, कपाळाला गंध. वकिलांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, त्यांना आहेत तसेच राहू द्या. पण ऐकेल ती माय कसली!

"घर मानसे येतीन, त्यासना पुढे काय असाच बसाडू?" ती उलट माझ्यावरच डाफरली.

मी ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिले. अशा वेळी मला एका जागी बसवत नाही, आणि कोणी ‘बस’ म्हटलं की आणखी चिडायला होतं.

आबांचं विसरणं काही वर्षांपासून वाढतच चाललं होतं. एकदा बँकेत त्यांना सही जमेना, आपण तिथं कशाला आलोय तेही सांगता येईना. साहेबानं खातं थांबवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, उद्या कोणीही गोड बोलून आबांचा अंगठा उमटवून घेतला असता. पण उसाचं बिल, पपईचे पैसे, ठेवी, सगळं आबांच्या एकट्याच्या नावावर. त्या शेतात जन्मभर राबलेल्या मायचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशन लांबवलं तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी खर्च करते म्हटलं, तर लेकीच्या पैशानं पाय बसवून घेणार नाही म्हणाली. आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी पितानाही आईबाप अवघडतात. मग ती भिंत धरून चालायची आणि त्याच गुडघ्यांवर जोर देऊन आबांना उठवायची.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही थेट हायकोर्टाचीच चढलो. वकील म्हणाले, लहान मुलाच्या मिळकतीला पालक नेमायचा कायदा आहे, भान हरपलेल्या म्हाताऱ्यासाठी तसा सरळ रस्ता नाही. मायला आबांची पालक नेमा, एवढीच आमची मागणी. कोर्टानं तालुक्याच्या एका अधिकाऱ्याला आणि सरकारी डॉक्टरांना घरी जाऊन आबांना पाहायला सांगितलं होतं.

जीप थांबली आणि आबा चक्क उठून उभे राहिले.

"या, या, बसा. पानी आना रे! कसा शे पाऊसपानी तुमनाकडे? जेवन करीसन जा बरं."

अधिकारी खूश. पाहुणा दिसला की आबांची जीभ आपोआप चालते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मी सगळ्यांना चहा दिला. डॉक्टरांनी तब्येत विचारली. "एकदम बेस शे!" वय? "तुम्हीच सांगा बरं!" सगळे हसले. शेत किती? "देवनी किरपा शे." डॉक्टरांचं पेन थांबलं. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. बापाला वेडा ठरवून पैसा लाटायला निघालेली मुलगी, असं त्या नजरेत सरळ दिसत होतं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"माय, सांग ना!" मी ओरडलेच.

माय दाराआड उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा बाणा. कोणी भेटायला आलं की ‘झोपेल शेतस’ म्हणून तिनं गावाला दारातूनच परत पाठवलेलं. ती चौकट धरून बाहेर आली, पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत बोलली.

"साहेब, मी कोन शे तेच यासले समजत नही. रोज दिवा लावानी येळले इचारतस, बाई, तू कोनी? आते तुन्हा घर जाय. मी म्हनस, जास. मंग गोठामा जाईसन उभी ऱ्हास. या झोपनात का मंग घरमा येस."

हे मलाही माहीत नव्हतं. त्या गुडघ्यांवर ती रोज गोठ्यात उभी राहत होती, आणि फोनवर मला सगळं बरं आहे म्हणत होती.

माय तोंडाला पदर लावून रडू लागली. डॉक्टर भराभर लिहू लागले. पुढे त्याच अहवालावर मायला पालक नेमलं गेलं, खातंही सुरू झालं. पण त्या क्षणी मला त्यातलं काही नको होतं, फक्त तिनं रडणं थांबवावं असं वाटत होतं.

आबांनीही तिला रडताना पाहिलं. आपल्या हातातली चहाची बशी त्यांनी तिच्यापुढे धरली.

"रडू नको, बाई. बस आठे. तुन्हा घरधनी येई तुले लेवाले."

मायनं बशी घेतली आणि त्यांच्या शेजारी बसली, परक्या पुरुषाशेजारी बसावं तशी, मध्ये जागा सोडून.