आधी दाखला, मग मत

मैत्रिणींनो, आमच्या राहात्यातल्या सोसायटीच्या चेअरमननी, अण्णांनी, परवा वॉचमन विलासला काढलं. का? तरुणपणी मारामारीत तुरुंगात गेला होता. "पोलिसांचा दाखला आण, मगच नोकरी," म्हणे.

हे अण्णा स्वतः जामिनावर बाहेर आहेत. सुटले तेव्हा कार्यकर्त्यांनी जेसीबीतून फुलं उधळली होती!

आज नगरपालिकेसाठी मत मागायला आले. "मॅडम, लक्ष असू द्या."

मी दार अर्धंच उघडलं. "पोलिसांचा दाखला आणलात?"

"आमची केस म्हणजे राजकारण हाय, मॅडम."

"विलासनं शिक्षा भोगून संपवली. तुमची अजून सुरूही नाही."

कार्यकर्ते चपलांकडे बघू लागले.

विलास गेटवर परत दिसेपर्यंत मी घरोघर हेच सांगणार. तुमच्या दारी आले, तर दाखला मागाल ना?