गिनतीतला पाचवा

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आता आहे का? ते वाचून तुम्हीच ठरवा, मला विचारू नका.

मी वन्यजीव संवर्धनाच्या एका प्रकल्पात तांत्रिक सल्लागार आहे. नाव भारदस्त आहे, काम साधं. कॅमेरे कुठल्या झाडाला किती उंचीवर बांधायचे, बिबटे-गवे मोजायचे कसे, आणि फॉर्म नीट भरले की नाही हे बघत सगळ्यांच्या मागे लागायचं. फॉर्मातला एक जरी रकाना कुणी रिकामा सोडला की माझं डोकं फिरतं. "माहीत नाही" असं लिहा, पण रिकामा सोडू नका... हे माझं वाक्य. माझ्या पाठीमागे सगळे त्याची नक्कल करतात, तेही मला ठाऊक आहे.

घर सांगलीत, विश्रामबागला. काम शिराळ्याच्या पश्चिमेला, जिथे सातारा आणि सांगलीच्या हद्दी जंगलातच भिडतात तिथे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती गेल्यावर आठवड्याभरातला सोमवार. एका उठलेल्या गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचे सहा कॅमेरे होते, त्यांची मेमरी कार्डं काढून आणायची होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जंगल राखीव झालं तेव्हा ते गाव खाली पुनर्वसनात गेलं. आता तिथे जोत्यांचे दगड आणि माणसापेक्षा उंच कारवी.

आम्ही चौघं होतो. पुढे वनरक्षक संभाजी, कोरेगावचा, सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. मग अनघा, आमची संशोधक. मग मी. आणि सगळ्यात मागे धोंडीतात्या, वनमजूर, साठीच्या जवळ आलेले. हे गाव तात्यांचंच. आता त्यांचं घर कुंडलजवळच्या वसाहतीत आहे, पण जंगलात उतरलं की ते मला तिथले घरमालकच वाटायचे. "बाई, हितं आमचा गोठा हुता... हितं शाळा..." असं दाखवत चालायचे.

त्या सड्यावर धुकं उतरलं की पुढचं माणूस दिसत नाही. म्हणून संभाजीनं फौजेतली पद्धत लावून दिली होती — गिनती. तो ओरडणार "एक", अनघा "दोन", मी "तीन", तात्या "चार". दर वीस-पंचवीस पावलांना. कोण हरवलं ते लगेच कळतं. मला ही पद्धत फार आवडायची, आकड्यांचं काम ना!

तात्यांची आणखी एक पद्धत होती. गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. तिथे थांबून ते आत किती माणसं चाललीत ते सांगायचे. "चार हाय. चार परत येऊ दे." बाहेर येताना पुन्हा थांबून "चार आलो" म्हणायचे, मगच पुढे. माझा जीव नुसता खाली-वर व्हायचा. त्या दिवशी तर चार वाजता साताऱ्यात मीटिंग होती. तात्या चप्पल काढून उभे राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, आज पाच सांगा की! ओझं उचलायला एक माणूस जास्त मिळेल." अनघा खुदकन हसली. मला चेव आला, मी स्वतःच हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "पाच हाय रं देवा!"

तात्या हसले नाहीत. "आवं बाई, हितं चेष्टा न्हाई करायची," एवढंच म्हणाले आणि चप्पल घातली.

जाताना काहीच झालं नाही. कार्डं मिळाली, कॅमेरे ठीक होते. दीडच्या सुमाराला उतरायला लागलो आणि धुकं आलं. भर दुपारी माझे मलाच बूट दिसेनात. गिनती सुरू झाली. एक. दोन. तीन. चार. छान चाललं होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी...

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

"पाच."

सगळे जागच्या जागी उभे. पुरुषाचा आवाज. घाबरवणारा वगैरे अजिबात नाही, शाळेत हजेरी देतात तसा सरळ.

"तात्या, चेष्टा बास रं आता!" संभाजी पुढून ओरडला. मला वाटलं, सकाळचा राग काढताहेत म्हातारबुवा. चुकलंच माझं. मागे वळून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही, कारण डोक्यात मीटिंग होती.

पुढची गिनती. एक. दोन. तीन.

आणि काहीच नाही.

माझ्या पाठीमागे, जिथून "चार" यायला हवं होतं, तिथे नुसतं धुकं. "तात्या!" मी ओरडले. तेवढ्यात डावीकडून, खालच्या अंगानं, शांतपणे आलं — "पाच."

संभाजी मागे धावत आला. अनघानं माझा दंड घट्ट धरला. "मॅडम, तात्या वाट सोडून गेलेत," संभाजी म्हणाला. "आवाज तिकडनं आला. हात सोडायचा न्हाई कुणी. गिनती चालू ठेवायची."

तिघं एकमेकांना धरून कारवीत घुसलो. दर दहा पावलांना एक, दोन, तीन... आणि प्रत्येक वेळी "पाच". एकदा तो आवाज आमच्या पाठीमागून आला. म्हणजे आम्ही पुढे निघून गेलो होतो. परत फिरलो. माझ्या मनात एकच चाललं होतं, म्हातारीला काय तोंड दाखवू? तात्यांच्या बायकोनं आदल्याच आठवड्यात मला डबाभर चटणी पाठवली होती.

मग संभाजीनं काठी पुढे टेकवली आणि ती सरळ खाली गेली. जमीनच नव्हती. गावाचा जुना आड, कारवीनं झाकलेला. आडाच्या कडेला उंबर उगवला होता, त्याच्या फांदीत तात्या अडकले होते. कमरेपासून खाली पाण्यात. मान कललेली, डोळे मिटलेले. फांदी मोडायला आली होती, ती करकरताना मला ऐकू येत होती.

संभाजीच्या पिशवीत फौजेच्या सवयीनं दोर असतोच. तो उतरला, आम्ही दोघींनी दोर झाडाला गुंडाळून ओढला. हात सोलून निघाले माझे. वर काढल्यावर मी तात्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, कारण त्यांना शुगर आहे आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता, म्हणजे साखर उतरलेली. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यांनी डोळे उघडले, जीभ फिरवली आणि पहिलं वाक्य काय म्हणावं माणसानं?

"बाई... उपास हाय माजा."

"गूळ चालतो उपासाला! गिळा गुपचूप!" मी खेकसले आणि तिथेच चिखलात बसून भोकाड पसरलं. लाज वगैरे काही वाटली नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. संभाजीसुद्धा तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसत होता.

झालं होतं असं की उपवास आहे हे तात्यांनी लपवलं होतं. मी त्यांना नेलंच नसतं ना! चक्कर आली आणि पाय आपसूक जुन्या वाटेनं, लहानपणी पाणी भरायला जायचे त्या आडाकडे वळले.

"पर तात्या," संभाजीनं विचारलं, "पाच-पाच कशाला वरडत हुता?"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. "म्या? तोंडातनं आवाजच फुटंना माज्या. आनि माजा नंबर चार हाय की रं."

धुकं विरळ व्हायला लागलं होतं.

संभाजीनं तात्यांना पाठीवर घेतलं. शिवेवरच्या दगडापाशी तात्यांनी त्याला थांबवलं. आडात पडताना पाय मोडलेला, कळा येत होत्या, तरी थांबवलं. "बाई, आत जाताना तुमी सांगितलंय, आता तुमीच सांगा."

मी बूट काढले. "चार परत आलो," म्हटलं. मग अडखळले. "तात्या... पाचव्याचं काय सांगू?"

"त्यो कुटं भाईर यायचाय? त्यो हितलाच," तात्या म्हणाले. "उपकार झालं म्हना फकस्त."

म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मी तुमच्यासारखीच शंकेखोर आहे, सगळं तपासून झालंय. प्रतिध्वनी म्हणाल, तर आमच्यापैकी कुणी "पाच" म्हटलंच नव्हतं. दुसरं कुणी जंगलात होतं म्हणाल, तर आत जायच्या एकुलत्या वाटेवर माझाच आणखी एक कॅमेरा होता. त्या दिवशीचे फोटो मी एकेक करून बघितले. सकाळी जाताना चौघं. दुपारी येताना चौघं, त्यातले एक पाठीवर. त्यानंतर दोन दिवसांनी एक साळिंदर. बस्स.

तात्या ठणठणीत आहेत. सांगलीच्या दवाखान्यात पायात सळई घातली, आता जरा लंगडतात, पण जंगलात येतात. पहिल्यांदा परत आले तेव्हा शिवेवर मी आधी त्यांच्या डब्यात काय आहे ते बघितलं, मग हात जोडून बरोब्बर आकडा सांगितला. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "बाई, त्या दिवसाचा कागुद भरला का न्हाई? साहेब संभाजीला इचारत हुतं."

"तात्या, काय लिहू सांगा की!"

"खरं काय ते लिवा."

फॉर्म माझ्या कपाटात आहे. वेळ, हवामान, कॅमेऱ्यांचे नंबर, सगळं भरलंय. फक्त "पथकातील एकूण व्यक्ती" हा एक रकाना मी अजून रिकामा ठेवलाय.