न कुजणारा पाला

शिलाईवाल्या बाईंच्या स्वच्छतेचा गल्लीला धाक होता. नवरा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात कामाला. पण संध्याकाळी तसंच घरात पाऊल टाकायची त्याची टाप नव्हती. मागच्या अंगणात कपडे उतरवायचे, तिथेच झटकायचे, वेगळ्या बादलीत भिजवायचे. रांगत्या लेकीला कारखान्याची धूळ लागू नये म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून असत. बादलीतलं काळपट पाणीही मोरीत जात नसे, मोरी खराब होते म्हणून. ते अंगणातल्या भाजीच्या वाफ्यात ओतायचं. नवऱ्याने हौसेने बॅटरीच्या रिकाम्या डब्यांची वाफ्याला कडही करून दिली होती. ओतलेलं पाणी गेलं, संपलं, असं बाईंना वाटायचं. आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

पुढे किडन्या निकामी होऊन नवरा गेला. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली लेक नव्या नोकरीसाठी परत आली, नुकतंच चालू लागलेलं बाळ घेऊन. ती कामावर जाईल तेव्हा बाळ आजीकडे राहणार असं ठरलं आणि बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी मशीन झाकून ठेवलं आणि बाळासाठी वाफ्यात घेवडा लावला.

रोपांनी काही जीव धरला नाही. वीतभर वाढली, पिवळी पडली, तिथेच थांबली. बाईंनी खत घातलं, पाणी कमीजास्त करून पाहिलं, शेवटी शेजारणीच्या नजरेवर खापर फोडलं. शेजारीण म्हणाली, "माझी नजर एवढी कामाची असती तर आधी सासूवर नसती का टाकली?"

रोप उपटलं तर मूळ आखूड, बोथट. खोदलं तर गेल्या वर्षी पुरलेला पाला जसाच्या तसा, शिरासुद्धा शाबूत. गांडूळ औषधालाही नाही. लेकीने ते पान बोटांत धरून बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीभर माती तपासायला नेली.

"निकाल येऊ दे, आई. मग ठरवू, बाळाला इथे ठेवायचं की नाही."

तेव्हापासून बाईंचा जीव टांगणीला लागला.

माती तपासणारी ताई स्वतःच निकाल घेऊन आली. "शिसं फार आहे, काकू. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पाला तेच कुजवतात, मुळांना खाऊपिऊ तेच घालतात. तुमच्या मातीत ते जवळजवळ उरलेच नाहीत." तिने शेजारणीच्या कुंडीतलं घेवड्याचं रोप मागून घेतलं. त्याच्या मुळांवर मण्यांसारख्या बारीक गाठी होत्या. बाईंच्या रोपाचं मूळ म्हणजे नुसता दोरा. "या गाठींत ते राहतात. तुमच्याकडे राहायला कोणी नाही, आणि मुळंही शिशाने खुंटलीत."

"किती दिवसांत जाईल हे?" बाईंनी विचारलं.

"शिसं कुजत नाही, काकू. माती काढून नवी घालावी लागेल. तोवर बाळाला इथे सोडू नका, ते हात तोंडात घालणार. लहान मुलांच्या मेंदूला बाधतं ते. पण एवढं शिसं आलं कुठून?"

बाईंनी सगळं सांगितलं. कपडे, बादली, डबे. सांगताना त्यांची मान वर झाली नाही.

ताई गेल्यावर लेक मागच्या पायरीवर बसली. "मी लहान असताना आपण इथलीच भाजी खायचो ना?"

तेव्हा माती इतकी बिघडली नव्हती, पालक चांगला यायचा. आणि गणित जमत नाही म्हणून बाई लेकीला याच पायरीवर बसवायच्या. डोक्यात बटाटे भरलेत का, असं विचारायच्या. कधी हातही उचलायच्या. ते दोघींनाही आठवलं आणि दोघींनीही उच्चारलं नाही.

"रोज," बाई म्हणाल्या. "तुला आवडायची म्हणून." मग त्या लेकीशेजारी पायरीवर बसल्या. "बाळाला माझ्याकडे नको ठेवूस. तुला जपता जपता मी काय करून बसले बघ."

लेक उठून आत गेली. झोपेतून जागं झालेलं बाळ घेऊन आली आणि तिने ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या मी कामावर जाते," ती म्हणाली. "माती काढून होईपर्यंत मागचं दार बंद ठेव. आणि दुपारी तो बोट धरून झोपतो, लगेच सोडवून घेऊ नकोस."